पेंढा भरण्यापलीकडची विद्या

मृत प्राण्याचे कातडे टिकवून त्याला पुन्हा सजीवाचा आकार देण्याच्या विद्येविषयी समाजमनात दोनच चित्रे आहेत. एक संस्थानिकाच्या दिवाणखान्यात जबडा वासून उभ्या असलेल्या वाघाचे. दुसरे वस्तुसंग्रहालयात काचेआड बसलेल्या धुळकट पक्ष्याचे. पहिल्याचा तिटकारा वाटतो, दुसऱ्याविषयी काहीच वाटत नाही. या तिटकाऱ्यात आणि उदासीनतेत सापडून एक शास्त्रोपयोगी कौशल्य या देशातून नाहीसे होण्याच्या मार्गावर आहे, याची खंत मात्र फारशी कोणाला नाही.

तिटकाऱ्याला कारण आहे. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबाच्या कारखान्यात विसाव्या शतकात हजारो वाघ-बिबट्यांची कातडी शिकाऱ्यांच्या हौसेखातर भरली गेली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला पायबंद घातला आणि परवान्यावाचून हा व्यवसाय करण्यास मनाई केली. 1999 साली तो कारखानाही बंद पडला. त्याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु शिकारीच्या हौसेला लावलेल्या कुलपात विद्याही अडकून पडली, हे कोणाच्या ध्यानी आले नाही.

वास्तविक या विद्येचे शास्त्रावर मोठे ऋण आहे. 1826 साली एडिंबरोत वैद्यक शिकणाऱ्या तरुण चार्ल्स डार्विनने जॉन एडमनस्टोन या गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कारागिराकडे पैसे भरून पक्षी टिकविण्याचे धडे घेतले. पुढे गालापागोस बेटांवरून इंग्लंडला पोहोचलेल्या पक्ष्यांच्या कातड्यांवरूनच जॉन गूल्डला तेथील फिंच पक्ष्यांचे परस्परनाते उमगले. मुंबईतही तसेच घडले. हातून मारल्या गेलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख पटविण्यासाठी बाल सलीम अली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथे मिलर्ड यांनी त्यांना जतन केलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला आणि कातडे सोडविण्याची कला शिकविण्याची तयारीही दर्शविली. एका थोर पक्षिशास्त्रज्ञाची वाटचाल अशी सुरू झाली.

ही कला म्हणजे पोत्यात भुसा कोंबावा तसे कातड्यात काहीतरी भरणे, हा समज खोटा आहे. नवशिक्याने साध्या कोंबडीपासून आरंभ केला तरी त्याची पहिली कसोटी सुरीची नसून निरीक्षणाची असते. कातडे सोडविण्यापूर्वी मापे घ्यावी लागतात, कारण देह एकदा वेगळा झाला की मूळ बांधा सांगणारे दुसरे काही उरत नाही. कातड्याला चिकटलेली चरबी निगुतीने खरवडली नाही, तर ती पुढे झिरपून पिसांचा नाश करते. आत बसवावयाचा देह मापाबरहुकूम नव्याने घडवावा लागतो. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात कीर्ती मिळविलेल्या कार्ल एकलीने जनावराचे स्नायू आधी मातीत कोरून मगच त्यावर कातडे चढविण्याची पद्धत रूढ केली, ती याच जाणिवेतून. शरीररचना, चर्मसंस्कार आणि शिल्प या तिन्हींवर हुकमत असल्याखेरीज येथे निभाव लागत नाही. आणि ती हुकमत पुस्तक वाचून येत नाही, जाणत्या गुरूच्या हाताखालीच येते.

असे गुरू किती आहेत? मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक डॉ. संतोष गायकवाड यांनी ही विद्या स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केली, आणि 2009 साली बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात त्यासाठी केंद्र उभे राहिले. हे भूषणावह खरेच. परंतु एका व्यक्तीच्या जिद्दीने विद्या उभी राहते; ती टिकण्यास परंपरा लागते. एप्रिल 2016 मध्ये दिल्लीचे राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालय आगीत भस्मसात झाले. नवी इमारत पैशाने उभारता येते. त्या काचेआडचे प्राणी पुन्हा घडविणारे हात पैशाने विकत मिळत नाहीत.

यावर कोणी म्हणेल की, हे दार किलकिले केले तर चोरट्या शिकारीला आयतेच निमित्त मिळेल. भीती रास्त आहे आणि कायदा सैल करावा, असे कोणीही सुचवू नये. रस्त्यावर मरून पडलेला मोर उचलून नेण्याची मुभा नाही, ती नसावीच. परंतु पाळीव कोंबड्या आणि शेळ्या-मेंढ्या या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, आणि शिकणाऱ्याची पहिली काही वर्षे त्यांच्यावरच जावयाची असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 साली प्राणिशास्त्राच्या वर्गांतील विच्छेदन थांबविले, ते अभ्यासासाठी जीव जाऊ नयेत म्हणून. नैसर्गिक मरणाने मेलेल्या प्राण्याचे जतन केल्याने त्या हेतूला बाध येत नाही.

तेव्हा शासनाने पशुवैद्यक महाविद्यालयांत आणि प्रमुख संग्रहालयांत या विद्येचे रीतसर शिक्षण सुरू करावे. प्राणिसंग्रहालयांत वार्धक्याने मरणाऱ्या निवडक प्राण्यांची देहमापे नोंदवून, मालकी सरकारचीच ठेवून, ते अशा केंद्रांच्या स्वाधीन करावेत. याला अवाढव्य खर्च येणार नाही. विलंबाचा खर्च मात्र मोठा आहे. पुढील पिढ्यांना कदाचित दुर्मीळ प्राण्याचे चित्र पाहता येईल, त्याची ध्वनिफीतही ऐकता येईल. परंतु त्याची उंची, त्याच्या पिसांचा पोत आणि पंजाचा आकार प्रत्यक्ष डोळ्यांसमोर ठेवणारा माणूस तेव्हा शोधून सापडणार नाही.