अंथरूण ओढून नेल्यावर

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण मी आठवीच्या वर्गात कितीतरी वर्षे शिकवली. वाक्यात उपयोग करा म्हटले की मुले हमखास कर्जबाजारी माणसाचेच वाक्य करतात आणि मीही त्यांना पूर्ण गुण देत आलो. आज त्या म्हणीशीच माझे भांडण आहे. ज्याने अंथरूण नीट मोजले, पाय त्याच्या आतच ठेवले आणि मध्यरात्री कोणी ते अंथरूणच ओढून नेले, त्याला ही म्हण काय सांगते? काहीच नाही. आणि मला आजवर भेटलेले बहुतेक थकबाकीदार याच जातीचे आहेत.

त्यांतला एक मी. सांगायला संकोच वाटतो, पण दुसऱ्याच्या कर्जावर लिहून स्वतःचे झाकायचे हे काही बरे नव्हे. २०१८ साली मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी आणि घराच्या पावसाळी गळणाऱ्या छपरासाठी मी एका पतसंस्थेतून चार लाख घेतले. दरमहा पाच हजार पगारातून आणि दर जानेवारीत पन्नास हजार उसाच्या बिलातून, असे ठरले. वेदगंगेच्या काठी भावाची नि माझी तीन एकर सामाईक जमीन आहे. हिशेब चोख होता. मग २०१९ चा ऑगस्ट आला. त्या पुराचे वर्णन निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांना मी काय सांगावे! दहा दिवस ऊस पाण्याखाली. शेंडा बुडाला की ऊस गुदमरतो. पाणी उतरल्यावर रानात उभा होता तो नुसता कुजका वास.

जानेवारी २०२० उजाडला. बिल नाही, म्हणून पन्नास हजार नाहीत. अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावे? हप्त्याच्या तारखेआधी संस्थेत जावे आणि सांगावे. मी काय केले? शाळेत जायची वाट बदलली. संस्थेच्या दारावरून जायला नको म्हणून माळी गल्लीतून वळसा घालू लागलो. तेव्हा मी मुख्याध्यापक झालो नव्हतो, पण शिक्षक तर होतो; ‘सत्य बोलावे’ हेही मीच शिकवीत होतो. फोन वाजला की नंबर बघून ठेवून द्यायचा. असे पाच-सहा आठवडे गेले. एक दिवस मधल्या सुट्टीत आमचे चित्रकलेचे सर (ते माझे जामीन) जवळ आले आणि खाली बघत म्हणाले, ‘सर, मला सोसायटीतून फोन आला होता ओ.’ एवढेच. पुढे एक शब्द नाही. त्या दिवशीचा डबा मी तसाच घरी नेला.

आमच्याकडे अब्रू नावाची जी वस्तू आहे, तिच्यासारखे महागडे कर्ज दुसरे नाही. अब्रूपायी माणूस बोलत नाही. बोलत नाही म्हणून थकतो. थकतो म्हणून दंडव्याज लागते. आणि शेवटी फोन जातो तो भलत्याच गरीब माणसाला.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेत गेलो. खिशात बारा हजार होते. सचिव म्हणाले, ‘हप्ता पुरा भरा. अर्धामुर्धा घेऊन मी कुठं दाखवू?’ बारा हजार घ्यायला त्यांच्याकडे रकाना नव्हता, दंडव्याज लावायला मात्र होता! मग आवाज खाली आणून त्यांनी आपल्याकडचा तो प्रसिद्ध उपाय सुचवला: जुनं-नवं करा. म्हणजे काय, ते शहरी वाचकांसाठी सांगतो. बाहेरच्या एका गृहस्थाकडून आठ दिवसांसाठी सगळी बाकी उचलायची, संस्थेत भरून खाते निल करायचे आणि लगेच नवे कर्ज काढून त्या गृहस्थाचे पैसे फेडायचे. माझी बाकी तीन लाखांच्या घरात. शेकडा तीन दर. दिवस आठ असले तरी व्याज महिन्याचे. नऊ हजार रुपये कशाचे? तर संस्थेच्या वहीत थकबाकी दिसू नये याचे. शेतकऱ्याच्या पीककर्जात तर हा खेळ वर्षानुवर्षे चालतो आणि त्याला आम्ही ‘नियमित परतफेड’ म्हणतो. मी त्या गृहस्थाच्या दारापर्यंत गेलो होतो, हेही लिहून ठेवतो. बायकोने मागे बोलावले म्हणून परत आलो.

मग एका कागदावर अर्ज लिहिला. पगार किती, घरखर्च किती, ऊस का गेला आणि दरमहा जादा किती भरू शकतो. मी अडीच हजार लिहिले. चार हजार लिहायचा मोह झाला होता. संचालकांना बरे वाटले असते आणि तिसऱ्याच महिन्यात मी खोटा ठरलो असतो. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून पोच मागितली, तर कारकुनाने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी कोर्टात उभा आहे.

संचालकांचा आक्षेप एकच होता आणि प्रामाणिकपणे सांगतो, तो खोटा नव्हता. १८७२ च्या करार कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे जामिनाच्या संमतीशिवाय धनकोने ऋणकोला मुदत देण्याचा करार केला, तर जामीन मोकळा होतो. संस्था घाबरते ती इथे. पण मग जामिनाला बोलवा, सही घ्या! अर्ध्या तासाचे काम. चित्रकलेच्या सरांनी ती सही हसत केली. जून २०२० च्या सभेत माझा अर्ज मंजूर झाला: पन्नास हजार वीस महिन्यांत, नेहमीच्या व्याजाने, पुढचे उसाचे हप्ते पूर्ववत. दंडव्याज निम्मे सोडले. निम्मे का ठेवले ते मला आजही कळलेले नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो पन्नास हजारांचा डोंगर संपला.

आता गंमत पाहा. माझा अर्ज फायलीत पडून होता त्याच मार्चच्या २७ तारखेला रिझर्व्ह बँकेने टाळेबंदीमुळे बँकांच्या कर्जदारांना तीन महिने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. पुढे ती ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढली. व्याज चालूच होते, पण हप्ता थांबला, आणि कोणाला ‘बुडव्या’ म्हटले गेले नाही. पुढे २०२१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या काळातले व्याजावरचे व्याजही कोणाकडून घेऊ नये, असा निकाल दिला. पतसंस्था त्या आदेशाच्या यादीत नव्हत्या, ते सोडा. माझा मुद्दा वेगळा आहे. साऱ्या देशाचे उत्पन्न एकदम थांबले तेव्हा ते संकट ठरले. एकट्या माणसाचे थांबले की ते त्याचे चारित्र्य कसे ठरते?

हे नवे नाही. १२ मे १८७५ ला सुप्यात कुणब्यांनी सावकारांचे कागद जाळले. त्याच्या मागे काय होते? अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाचा भाव चढला, त्या भरवशावर कर्जे झाली; १८६५ ला युद्ध संपले, भाव कोसळला, कागद मात्र तसाच राहिला. सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्याने न्यायालयाला कर्जखताच्या मागे जाऊन मुळापासून हिशेब तपासण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार मिळाला. परक्या सरकारला जे चार वर्षांत उमगले, ते आमच्याच सभासदांनी निवडून दिलेल्या संचालकांना उमगू नये!

आणि न्याय दोन्ही बाजूंनी सारखा असता तरी मी गप्प बसलो असतो. केंद्राच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ठरवून दिले की ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, नाहीतर दरसाल १५ टक्के व्याज. हे १५ टक्के मिळालेला शेतकरी मला अजून भेटायचा आहे. कारखान्याकडून बिल यायला चार महिने लागले तर ती ‘अडचण’, आणि त्याच शेतकऱ्याचा हप्ता चार आठवडे थकला तर ‘थकबाकीदारांची यादी’, तीही नोटीस बोर्डावर.

गेल्या पावसाळ्यात सातवीतला एक मुलगा वर्गात येईना. आई भेटायला आली ती पिशवीत चार कर्जकार्डे घेऊन. नवरा गोव्यात गवंडीकामाला. पावसात काम बंद. ‘सर, ह्ये जरा वाचून बघा की ओ.’ दोन कार्डे कानडीत, एक इंग्रजीत. तिला मराठीखेरीज वाचता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत स्पष्ट आहे की कार्ड कर्जदाराला समजेल त्या भाषेत हवे, सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, आणि सकाळी नऊच्या आधी नि संध्याकाळी सहानंतर वसुलीला कोणी फोन करू नये. वसुलीवाला साडेसातला दारात बसायचा. मुलगा त्याला ‘आई नाही’ सांगायला घरी राहायचा. २०२५ मध्ये कर्नाटकाने अशा दांडगाईविरुद्ध कायदा केला. नोंदणी असलेल्या संस्थेचे कर्ज त्याने माफ होत नाही, हे मी तिला आधी सांगितले, कारण गल्लीत उलटेच पसरले होते. मग दोघांनी बसून चार अर्ज लिहिले. तिघांनी मुदत दिली. चौथ्याने दिली नाही. त्याचे अजून चालू आहे. मुलगा सोमवारपासून शाळेत आला.

माझ्या पतसंस्थेच्या गेल्या वार्षिक सभेत मी ठराव मांडला. कर्जाच्या अर्जातच एक कलम छापा: पूर, दुष्काळ, आजारपण किंवा बिल थकल्यामुळे उत्पन्न बुडाले आणि सभासदाने हप्त्याआधी लेखी कळवले, तर अपुरा हप्ताही जमा करून घ्यावा, दंडव्याज लावू नये, आणि महिन्याच्या आत जामिनासह बसून नवे हप्ते ठरवावेत. मागून कोणीतरी ‘मग सगळेच पूर आला म्हणतील’ असे ओरडले. मी म्हटले, पुराचा पंचनामा तलाठी करतो, सभासद नव्हे. हशा झाला, पण अध्यक्ष म्हणाले, ‘सर, वेळ झालाय, पुढच्या वर्षी घेऊ.’

ठराव लेखी दिला आहे. पोच माझ्याजवळ आहे.