वीस लिटरांचा दिवस

महाड-पोलादपूरशी आपली ओळख आहे ती पावसाळ्यातली. जूनच्या अखेरीस आंबेनळीचे कडे पांढरे व्हायला लागले की पुण्या-मुंबईच्या गाड्या निघतात. वरंध्याला भजी, कुडपणला धबधबा, रायगडावर ढग, आणि रविवारी संध्याकाळी माघारी. बातम्यांतही हा मुलूख येतो तो पावसाळ्यातच. २०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला तेव्हा, नाहीतर २०२१ च्या २२ जुलैला तळिये गावावर डोंगर आला तेव्हा. पाण्याचा मार खाणारा मुलूख, असेच चित्र डोक्यात पक्के बसलेले असते. त्यामुळे याच दोन तालुक्यांत दर मे महिन्यात टँकर फिरतात, असे सांगितले की ऐकणारा आधी आपल्याकडे बघत राहतो.

म्हणून यंदा मुद्दाम मे महिन्यात गेलो, तेही कॅराव्हॅन घेऊन. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आणले, तेव्हापासून या चाकांवरच्या घरांची चर्चा आपल्याकडे वाढली. गाडीत झोपायला जागा, शेगडी, छोटे न्हाणीघर आणि पोटात पाण्याची टाकी. आमच्या गाडीची टाकी शंभर लिटरची होती. सिंकच्या वर चार हिरवे दिवे. पाणी कमी होत जाईल तसा एकेक विझणार. हॉटेलात नळ सोडताना असे काही डोळ्यांसमोर नसते. गाडीत असते, आणि मला या प्रवासात नेमके तेच हवे होते.

टंचाईच्या काळात ग्रामीण भागाला टँकरने पाणी देताना माणशी दिवसाला वीस लिटर धरतात. सगळे मिळून वीस. पिणे, स्वयंपाक, भांडी, अंघोळ, कपडे, संडास. आम्ही चौघांनी ठरवले की महाड सोडल्यापासून याच हिशेबाने राहायचे. म्हणजे चौघांत ऐंशी लिटर. टाकीत शंभर, म्हणून वीस शिल्लक. महामार्गावरच्या पंपावर टाकी भरून घेतली आणि पुढे वाडी-वस्तीत कुठेही पाणी मागायचे नाही, हे आधीच बोलून ठेवले.

वीस लिटर म्हणजे बादली आणि वर दोन-तीन तांबे. उन्हात फिरून आलेले माणूस पाच लिटर नुसते पिते. तांदूळ धुतलेले पाणी पहिल्या भांड्यांना, भांड्यांचे दुसरे पाणी संडासात. ताटे आधी कागदाने पुसायची, मग ओल्या फडक्याने. अंघोळ पाच तांब्यांत उरकते. केस धुवायचे म्हटले तर उरकत नाही. बायकोने केस धुण्याचा बेत पुढे ढकलला. कपडे तर कुणी काढलेच नाहीत धुवायला. आणि आमच्याकडे गोठा नव्हता, तान्हे मूल नव्हते, अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस नव्हते. एक म्हैस उन्हाळ्यात चाळीस-पन्नास लिटर पाणी सहज पिते. हा हिशेब मनाशी मांडला आणि त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

पोलादपूरहून कापड्याच्या बाजूला आत शिरलो. रस्ता चांगला, पण वाडीची चढण आमच्या गाडीला झेपणारी नव्हती. शाळेच्या पटांगणात, विचारून, गाडी लावली. वर चालत गेलो तेव्हा साडेअकरा झाले असतील. विहिरीभोवती हंडे सकाळपासून मांडून ठेवलेले. पोचे पडलेले स्टीलचे, निळे प्लॅस्टिकचे ड्रम, एकदोन पितळी. कुणाचा कोणता ते कळावे म्हणून कुणी काठाला लाल चिंधी बांधलेली, कुणी तेलरंगाने टिपका काढलेला. बायका सावलीला बसलेल्या. टँकरचा आवाज खालच्या वळणावरूनच ओळखू येतो. तो आला तशा सगळ्या एकदम उठल्या.

टँकरचे पाणी घरोघर मिळत नाही, विहिरीत सोडतात. जाड पाइप कठड्यावरून आत टाकला, वरून टीसीएल पावडर मारली, आणि पाणी कोरड्या तळावर आपटले तसा तळातला लाल गाळ उसळून वर आला. मग दोर, पोहरे, आणि खाली कुणाचा पोहरा कुणाला अडकतो यावरून बोलाचाली. तासाभरात विहिरीचा तळ पुन्हा दिसायला लागला.

एका मावशींबरोबर त्यांच्या पडवीपर्यंत गेलो. त्यांनी हंडा उतरवला, चुंबळ खुंटीला लावली, दुसऱ्या हंड्याच्या तोंडाला धोतराचे जुने फडके चौपदरी बांधले आणि पाणी हळूहळू त्यावर ओतले. ‘आता हलवायचं नाही,’ म्हणाल्या. ‘रातभर निवळू द्यायचं. वरचं प्यायला, मधलं भांड्यांना, आन् तळातलं केळीला.’ परसात केळीची दोन झाडे होती, पाने कडेने करपलेली. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी आत जाऊन तांब्या-भांडे आणले. त्या तांब्यातले पाणी काय भावाचे होते ते मला त्या दिवशी नेमके माहीत होते. घेतले, कारण नाही म्हटले असते तर त्यांना लागले असते.

मे महिनाच का इतका अवघड जातो, याला आणखी एक कारण आहे आणि ते सरकारी कागदात सहसा दिसत नाही. वर्षभर या वाड्यांत म्हातारीकोतारी आणि काही थोडी कुटुंबे असतात. मेमध्ये मुंबईहून चाकरमानी येतात. लग्ने असतात, पूजा असतात, घर शाकारायचे असते, नातवंडे आलेली असतात. विहीर आटते त्याच पंधरवड्यात घरात माणसे दुप्पट होतात. मावशींची सून आणि दोन नातवंडे आली होती. पाणी नाही म्हणून येऊ नका, असे कोणती आजी सांगेल?

पाऊस कमी पडतो का? या तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस होतो. वर महाबळेश्वरला तर साडेपाच हजारांच्या आसपास. पण सह्याद्रीचा हा उतार म्हणजे लाव्ह्याच्या थरांवर थर. वर हातभर माती, खाली घट्ट काळा पाषाण. पाणी मुरायला भेगांपुरतीच जागा. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत बाणकोटच्या खाडीला मिळते. जुलैत पडलेला थेंब गणपतीपर्यंत समुद्रात. जे थोडे भेगांत मुरते ते झऱ्यांवाटे फाल्गुनापर्यंत पाझरत राहते आणि मग संपते. विंधण विहिरी घेतल्या तरी पाषाणात पाणी सापडेल याची खात्री नसते. नळयोजनेची विहीरही बहुधा त्याच नदीच्या पात्रात. पात्र कोरडे पडले की नळ कोरडे. जलजीवन मिशनचा निकष माणशी ५५ लिटरांचा आहे आणि तो योग्यच आहे, पण उगमातच पाणी नसेल तर नळ कुठून देणार?

आणि याला दुष्काळ म्हणून मान्यता मिळणेही कठीण, कारण दुष्काळ ठरवताना पहिली कसोटी लागते ती पावसाच्या तुटीची. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात कोकणातला एकही तालुका नव्हता. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचे नुकसान मोठे आहे, त्याच्याशी इथली तुलना मी करत नाही. पण डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणाऱ्या बाईच्या पायांना पावसाची सरासरी कळत नाही. कोकणाच्या वाट्याला येतो तो टंचाई कृती आराखडा. ग्रामपंचायतीचा ठराव, पंचायत समितीकडे प्रस्ताव, पाहणी, मंजुरी, टँकर. ३० जूनला बंद. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. टँकर हवाच, तो एक दिवस चुकला तरी काय होते ते मी पाहिले आहे. पण दर वर्षीच्या टँकरमागे पुढच्या वर्षासाठी काहीच उरत नाही, हे मला फार अस्वस्थ करते.

पाणी धरून ठेवणे या मुलखाला नवीन आहे का? नाही. आम्ही पुढे नाते गावावरून रायगडाच्या पायथ्याला पाचाडला गेलो. पाचाडला जिजाऊसाहेबांच्या वाड्यात विहिरी आहेत, त्यातल्या एकीला तक्क्याची विहीर म्हणतात. शिवाजी महाराज तिथे टेकून पाणी न्यायला आलेल्या बायकांची विचारपूस करत, अशी गावात आठवण सांगतात. वर रायगडावर गंगासागर तलाव ऐन मे महिन्यात भरलेला पाहिला. खडक फोडून काढलेली ती टाकी आणि तलाव. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, १७१५ च्या सुमारास, गड बांधण्याआधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी बांधावीत, आणि झरा असला तरी त्या एकावर विसंबू नये, असे बजावले आहे. इतके स्पष्ट! गडावरचा हत्ती तलाव कित्येक वर्षे गळत होता. गळती काढल्यावर २०२० च्या पावसाळ्यात तो भरला. ज्या पाषाणात पाणी मुरत नाही त्यातच ते साठतेही. खाली पायथ्याच्या वाड्यांत मात्र पाण्याचे ड्रम रांगेने उभे.

हिशेब साधा आहे. पन्नास चौरस मीटरच्या कौलारू किंवा पत्र्याच्या छपरावर तीन हजार मिलीमीटर पाऊस म्हणजे दीड लाख लिटर पाणी. पाच माणसांच्या घराला माणशी वीस लिटरने शंभर दिवसांना लागते दहा हजार लिटर. म्हणजे छपरावर पडणाऱ्या पाण्याचा पंधरावा भाग घराशेजारच्या झाकणबंद टाकीत राहिला, तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून जूनच्या पहिल्या सरीपर्यंत त्या घराची किमान गरज भागते. घरकुलाच्या मंजुरीबरोबरच अशी टाकी मंजूर झाली पाहिजे, निदान या दोन तालुक्यांत तरी. ही मागणी मी जितक्या वेळा मांडता येईल तितक्या वेळा मांडणार आहे.

महाडात परतल्यावर चवदार तळ्यावर गेलो. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह इथले पाणी ओंजळीत घेतले. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने त्याआधीच, १९२४ मध्ये केलेला होता; तो कागदावरच राहिला म्हणून सत्याग्रह करावा लागला, आणि कोर्टातला निकाल यायला १९३७ चा मार्च उजाडला. ठराव आणि ओंजळ यांत किती अंतर असू शकते, ते या गावाइतके कुणी पाहिलेले नाही. पाण्यावरचा सर्वांचा हक्क जिथे सिद्ध झाला त्याच्या शेजारच्याच तालुक्यात आज वाडीवरच्या बाईला तासाभराच्या विहिरीवर भागवावे लागते.

ठरावाची वाट न पाहता करता येईल असे एक काम म्हणजे वनराई बंधारा. तो आपल्याला माहीत आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंड शिवायचे, ओढ्यात आडव्या रचायच्या. ना इंजिनिअर लागतो, ना सिमेंट. ‘वनराई’ संस्थेचे संस्थापक मोहन धारिया हे १९२५ मध्ये याच महाड तालुक्यातल्या नाते गावात जन्मले. बंधाऱ्याचे पाणी मेपर्यंत पुरेलच असे नाही, पण जवळच्या विहिरीला त्याची धार लागते आणि टँकरचा दिवस काही आठवडे लांबतो. अडचण एकच: बांधायचा तो पाऊस सरल्यावर, ओढा वाहता असताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. आणि तेव्हा चाकरमानी मुंबईला गेलेले असतात, गोण्या उचलायला हात नसतात.

कापड्याच्या बाजूच्या त्या शाळेच्या पटांगणातून गाडी काढतानाच सरपंचांशी हे बोललो होतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही येऊ, आणखी दोन-तीन कुटुंबे आणू, राहायची-जेवायची सोय गाडीत करू, पाणी आमचे आम्ही आणू. ते म्हणाले, माणसं या, पण येताना रिकाम्या गोण्या आणा, निदान दोनशे. आणि सुतळी, गोणी शिवायची दाभणं इथे मिळत नाहीत, तीही आणा.