उमेदवारी

‘पाण्यात पडले की पोहता येते’ अशी मराठीत एक म्हण आहे. ती केवळ पोहण्यालाच नव्हे, तर प्रत्येक कलेला लागू पडते. चित्रीकरणाची कला तिला अपवाद नाही.

हल्ली घरोघरी मोबाइलमध्ये कॅमेरा आला आहे. बोट टेकवताच हलतेबोलते चित्र तयार होते. त्यामुळे ही कला मुद्दाम शिकण्याचे कारणच उरले नाही, असा पुष्कळांचा समज झाला आहे. परंतु लेखणी हाती आली म्हणून कोणी लेखक होत नाही. तद्वत कॅमेरा हाती आला म्हणून कोणी चित्रकर्ता होत नाही.

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण हे सारे त्यांना अवगत होते. तरीही १९१२ साली ते लंडनला गेले आणि तेथे चित्रपटनिर्मितीचे काम त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. परत आल्यावर त्यांनी एका वाटाण्याच्या रोपाची वाढ ठराविक वेळाने एकेक चित्र घेऊन टिपली. हा त्यांचा पहिला धडा होय. त्यानंतर १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रेक्षकांपुढे आला. कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे ही कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरीच करीत. त्या हे कोणत्याही विद्यालयात शिकल्या नव्हत्या. कामानेच त्यांना काम शिकवले.

कोल्हापुरातही हेच घडले. बाबुराव पेंटर यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने स्वतःच कॅमेरा तयार केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी पडेल ते काम करीत तयार झाली. त्यांनीच पुढे १९२९ साली इतर सहकाऱ्यांसह ‘प्रभात’ची स्थापना केली. ‘प्रभात’ १९३३ साली पुण्यास आली आणि १९६० साली तिच्याच आवारात शासनाने चित्रपटशिक्षणाची संस्था उघडली. जणू शाळाच कार्यशाळेच्या घरी राहावयास आली!

म्हणूनच उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या जाणत्या कलावंताच्या हाताखाली महिनाभर उमेदवारी करण्याची संधी ज्याला लाभेल, त्याने ती दवडू नये. प्रकाश कोठून घ्यावा, ध्वनी टिपताना पंख्याची घरघर कशी टाळावी, तासाभराच्या चित्रणातून कामाची पाच मिनिटे कशी निवडावी, हे पुस्तकातून वाचता येते. पण अंगवळणी पडते ते हातांनी केल्यावरच. पूर्वी फिल्म महाग होती. चूक झाली की फिल्म वाया जाई, म्हणून माणूस आधी विचार करी आणि मग यंत्र चालवी. आज चुकलेले चित्र क्षणात पुसता येते. त्यामुळे चुकीची बोचही पुसली जाते. अशा वेळी ‘पुन्हा कर’ असे म्हणणारा गुरू पूर्वीपेक्षाही अधिक आवश्यक आहे.

कोणी म्हणेल, उमेदवाराच्या वाट्याला तारा गुंडाळणे आणि ओझी वाहणे एवढेच येते. हा आक्षेप अगदीच खोटा नाही. तार नीट गुंडाळणे हासुद्धा एक धडा आहे, कारण तिच्यात पाय अडकून सगळे काम थांबू शकते. तथापि महिनाभर केवळ तेच काम करून घेणे हा उमेदवारावर अन्याय होय. शिकणाऱ्याने हलक्या कामाची लाज धरू नये, हे जितके खरे, तितकेच शिकवणाऱ्याने आपली विद्या लपवून ठेवू नये, हेही खरे. उमेदवाराचे श्रम घ्यावयाचे आणि त्याला ज्ञान मात्र द्यावयाचे नाही, याला उमेदवारी म्हणत नाहीत. ती फुकटची चाकरी होय.

दोघांनीही आपापले कर्तव्य पाळले, तर सुट्टीचा एक महिना पुरे होतो. त्या महिन्यात कोणी पारंगत होणार नाही. परंतु चांगले काम कशाला म्हणतात आणि त्यासाठी किती कष्ट पडतात, हे ज्याने एकदा जवळून पाहिले, तो पुढे कोणतेही काम कसेतरी उरकणार नाही.