फाटकावर 'फज्ले रब्बी', सातबाऱ्यावर बहीण नाही

आखातात वीस-पंचवीस वर्षं राबून बांधलेला बंगला, आणि फाटकावर संगमरवरी पाटी : 'हाजा मिन फज्ले रब्बी'. कोकणातल्या कुठल्याही मोहल्ल्यात ही पाटी दिसेल. पाटीला माझी हरकत नाही. हरकत आहे ती वाक्य अर्ध्यावर तोडण्याला. हे उद्गार हजरत सुलैमान (अलै.) यांचे, सूरह नम्लच्या ४०व्या आयतीतले. ते लगेच पुढे म्हणतात की ही माझ्या रब्बने घेतलेली परीक्षा आहे, मी शुक्र करतो की नाशुक्री हे पाहण्यासाठी. आपण कृपा तेवढी कोरून घेतली आणि परीक्षा गाळली.

संकटाच्या वेळीही आपण हेच करतो. पूर आला, महागाई वाढली, पोरांना नोकरी मिळेना, की बयान ठरलेलं असतं : हे सगळं आपल्या आमालचं फळ. बरोबर आहे. सूरह रूमच्या ४१व्या आयतीत सांगितलंच आहे की जमिनीवर आणि समुद्रात माजलेला बिघाड माणसांच्या हातांची कमाई आहे. पण त्यानंतर जी यादी वाचली जाते ती ऐका. मुलींचे मोबाईल, पोरांची गाणी, लग्नातला डीजे. डीजेची वकिली मी करत नाहीये. मी एवढंच विचारतोय, की या यादीत बोलणाऱ्याचे स्वतःचे हात कधी का येत नाहीत?

कुरआनने दिलेली यादी वेगळी आहे. हजरत शुऐब (अलै.) मदयनच्या व्यापाऱ्यांना काय सांगत होते? अल्लाहचीच इबादत करा, आणि काटा मारू नका. माप आणि वजन यांत लुबाडणूक करणारी ती वस्ती बुडाली. इब्ने माजामधल्या एका हदीसमध्ये प्रेषित (स.) यांनी मापातल्या पापाचा संबंध दुष्काळाशी आणि राज्यकर्त्यांच्या जुलमाशी जोडला आहे, जकात रोखण्याचा संबंध पाऊस थांबण्याशी. सूरह फज्रमध्ये तर आपलं चित्रच काढलं आहे. भरभराट झाली की माणूस म्हणतो रब्बने माझा सन्मान केला, हात आखडला की म्हणतो माझा अपमान केला. दोन्ही चूक, असं सांगून लगेच कारणं येतात : तुम्ही अनाथाची कदर करत नाही, गरिबाला जेवू घालण्याचा आग्रह एकमेकांना करत नाही, आणि वारसा अख्खाच्या अख्खा गिळता.

वारसा गिळता. इथे जरा थांबू या, कारण हा गुन्हा आपल्याकडे बंद दाराआड नाही, सरकारी कागदावर होतो.

अब्बांचा इंतकाल झाला. मागे अम्मी, एक मुलगा, एक मुलगी. जमीन २४ गुंठे. कर्ज आणि वसीयत यांतून मोकळी झाल्यावर हिशोब सरळ आहे : अम्मीचा आठवा हिस्सा ३ गुंठे, उरलेल्या २१ मधले मुलाला १४, मुलीला ७. हा हिशोब सूरह निसामध्ये स्वतः अल्लाहने घालून दिला आहे, आणि लगेच पुढच्या आयतींत या हद्दी मोडणाऱ्याला आगीची ताकीद आहे. नमाजच्या रकातींची संख्यासुद्धा कुरआनमध्ये अशी आकड्यांत आलेली नाही. आणि होतं काय? चाळिसावा होतो न होतो तोच आपाला गाडीत बसवून नेतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. वाटेत तिला साडी घेतात.

"तिने राजीखुशीने सोडला," भाईजान सांगतात. ज्या बहिणीला माहीत आहे की सही नाकारली तर ईदला माहेरचं दार बंद होणार, तिची राजीखुशी कसली? खरंच पाहायची असेल तर आधी फेरफारात तिचं नाव चढवा, ७ गुंठे तिच्या ताब्यात द्या, सहा महिने जाऊ द्या. मग तिला वाटलं तर ती हिबा करील. "लग्नात खर्च केला होता" हे दुसरं उत्तर. तो अब्बांनी हयातीत, आपल्या मर्जीने केला होता. त्यातून वारशाचा हिस्सा वळता करण्याचा अधिकार भाईजानना कोणी दिला?

मग हीच मंडळी मौलानांना विचारतात, घरात बरकत का राहत नाही, एखादा वजीफा सांगा.

म्हणून ज्याच्यावर संकट आलं तो गुन्हेगार, असा अर्थ मात्र कोणी काढू नका. सर्वांत कठीण आजमाइश पैगंबरांची झाली. हजरत अय्यूब (अलै.) यांच्या आजारपणात कोणता गुन्हा शोधणार? प्रेषित (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, त्याच्यासाठीच लागलं. दुःखात असतानाही त्यांनी ते खोडून काढलं : कुणाच्या मरण्या-जगण्याने ग्रहण लागत नाही. २२ जुलै २०२१ रोजी, बकरी ईदच्या दुसऱ्याच दिवशी चिपळूण बुडालं. ज्याचं दुकान गेलं त्याच्या गुन्ह्यांची मोजदाद करणारे आपण कोण? हातांची कमाई शोधायचीच तर वाशिष्ठीच्या पात्रात साचलेल्या गाळात शोधा, तो काढा म्हणून चिपळूणकरांना नंतर उपोषणाला बसावं लागलं.

हजरत उमर (रजि.) यांच्या काळात, हिजरी १८ मध्ये, मदीनेत मोठा दुष्काळ पडला. लोकांच्या पापांची यादी करत ते बसले नाहीत. लोकांना मिळत नाही तोवर तूप आपल्याही ताटात नको असं ठरवलं, बाहेरच्या प्रांतांतून धान्य मागवलं आणि पावसासाठी दुआ केली. दोष आधी स्वतःकडे घेण्याची ही रीत होती.

कोकणातले आपण बहुतेक शाफई. पाऊस लांबला की मैदानावर नमाजे इस्तिस्काची घोषणा होते. शाफई फिकहच्या किताबांत त्या नमाजआधी करायच्या कामांत तौबा आणि सदका यांच्याबरोबर आणखी एक काम सांगितलेलं आहे : ज्याचा हक्क मारला असेल त्याला तो परत करणे. घोषणेत हे कधी ऐकलंय? पुढच्या वेळी मोहल्ल्यातल्या तरुणांनी जमातीच्या बैठकीत उभं राहून मागणी करावी, की घोषणा आठ दिवस आधी व्हावी आणि त्या आठ दिवसांत ज्यांच्याकडे बहिणींचे गुंठे आहेत त्यांनी तलाठ्याकडे जाऊन यावं. सुरुवात आपल्या घरापासून करावी लागेल, आणि अब्बांशी वाद होईल.