बी.ई. इलेक्ट्रिकल झाले, आता पुढे?

बी.ई. इलेक्ट्रिकलचा निकाल लागला की अनेक घरांत दोन मते होतात. अब्बा म्हणतात, आता नोकरी बघ. मुलगा किंवा मुलगी म्हणते, अजून शिकायचे आहे. तेवढ्यात कोणी तरी नातेवाईक सांगतो की पुढच्या शिक्षणाला लाखो रुपये लागतात, परदेशात पाठवायचे तर घर गहाण ठेवावे लागते. विषय तिथेच मिटतो. आमच्या शाळेतून दहावी करून पुढे इंजिनिअर झालेली मुले-मुली सल्ल्यासाठी येत असतात. आम्ही स्वतः इंजिनिअर नाही, पण त्यांचे अर्ज, माहितीपत्रके आणि मुलाखतीची तयारी आम्ही जवळून पाहिली आहे. त्यातले उपयोगाचे या वेळी मांडतो.

आधी पैशाचा हिशेब

एम.टेक.च्या एकाच वर्गात दोन मुले शेजारी बसतात. एकाला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, दुसऱ्याला काहीच मिळत नाही. फरक असतो 'गेट' परीक्षेचा. गेट पात्र होऊन, त्या गुणांवर मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ प्रवेश घेतला तर हे विद्यावेतन २४ महिने मिळू शकते. म्हणजे दोन वर्षांत २,९७,६०० रुपये. त्याबदल्यात आठवड्यातले काही तास प्रयोगशाळेत किंवा शिकवण्याच्या कामात द्यावे लागतात.

आयआयटी मुंबईत एम.टेक.ला संशोधन साहाय्यक म्हणूनही प्रवेश असतो. तो अभ्यासक्रम दोनऐवजी तीन वर्षांचा आहे, पण प्रयोगशाळेचा अनुभव भरपूर मिळतो. पीएच.डी.ला २०२३ पासून केंद्राच्या नियमानुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि त्यानंतर ४२,००० रुपये फेलोशिप आहे. फी, वसतिगृह आणि मेसचा खर्च त्यातूनच करायचा असला तरी काटकसरीने राहणाऱ्याचे भागते.

व्याजाचे कर्ज नको, म्हणून पुढचे शिक्षणच नको, असे ठरवणारी घरे आम्हाला माहीत आहेत. त्यांनी निर्णयाआधी हा हिशेब कागदावर मांडावा. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप आणि परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजात सवलत देणारी 'पढो परदेस' योजना केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केल्या आहेत. जुनी माहिती अजूनही मोबाइलवर फिरते. तिच्या भरवशावर बेत आखू नका.

गेट म्हणजे काय?

ही परीक्षा साधारणपणे फेब्रुवारीत होते, निकाल मार्चमध्ये लागतो आणि अर्ज आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास भरावे लागतात. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण भाषा, आकडेमोड आणि तर्काचे असतात. ते सोडून देऊ नका. बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले तर गुण कापले जातात, मात्र उत्तराचा आकडा स्वतः लिहायच्या प्रश्नांना ही कपात नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून परीक्षेला बसता येते आणि गुण तीन वर्षे चालतात. म्हणून शेवटच्या वर्षाची वाट पाहू नये. तिसऱ्या वर्षी एकदा अंदाज घ्यावा, चौथ्या वर्षी पूर्ण तयारीने बसावे.

निकालानंतर वाटा वेगळ्या होतात. आयआयटीत प्रत्येक संस्थेकडे स्वतंत्र अर्ज करायचा आणि जागा 'कोॲप' या सामायिक व्यवस्थेतून स्वीकारायची. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या एनआयटींसाठी 'सीसीएमटी' ही वेगळी प्रक्रिया आहे. मुंबईचे व्हीजेटीआय आणि पुण्याचे सीओईपी यांचे एम.टेक. प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात. एका ठिकाणी अर्ज केला म्हणजे सगळीकडे झाला, या समजुतीत काहींचे वर्ष गेले आहे. एनटीपीसी, पॉवरग्रिडसारख्या सरकारी कंपन्याही गेटच्या गुणांवर भरती करत आल्या आहेत. म्हणजे नोकरी हवी म्हणणाऱ्या अब्बांचेही काम याच परीक्षेतून होऊ शकते.

शाखा कोणती घ्यावी?

'इलेक्ट्रिकल' या एका नावाखाली बरीच दालने आहेत. वीज तयार करणे, वाहून नेणे आणि सोलर किंवा बॅटरीची वीज हव्या त्या रूपात आणणे, हे पॉवर सिस्टिम्स आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे काम. यंत्र ठरल्याप्रमाणे वागावे म्हणून कंट्रोल. मोबाइल, आवाज, चित्र यांच्यासाठी कम्युनिकेशन आणि सिग्नल प्रोसेसिंग. चिप बनवण्यासाठी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स आणि व्हीएलएसआय. सध्या कशाला मागणी आहे, हे विचारण्याआधी मुलाने तिसऱ्या वर्षाची पुस्तके उघडावीत आणि कोणत्या विषयाची गणिते तो कोणी न सांगता सोडवत होता ते पाहावे. दोन-तीन वर्षे रात्रंदिवस तेच करायचे आहे.

आपल्या समाजात मोटार वाइंडिंग, वायरिंग, फ्रिज-पंखे दुरुस्ती करणारी घरे पुष्कळ आहेत. तिथली मुले अर्जात हे लिहायला लाजतात. वाइंडिंगच्या दुकानात वाढलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याने अर्जात लिहिले होते, 'मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे.' आम्ही विचारले, दुकानात सर्वांत जास्त मोटारी कशाने जळून येतात? तो लगेच म्हणाला, 'एक फेज गेली तरी शेतकऱ्याची मोटार फिरत राहते, उरलेल्या फेजवर करंट वाढतो आणि कॉइल जळते. जळालेली कॉइल बघूनच अब्बा सांगतात.' तेच लिही, असे आम्ही सांगितले. मुलाखतीत बराच वेळ याच मुद्द्यावर प्रश्न झाले आणि त्याला प्रत्येकाचे उत्तर देता आले. डोळ्यांनी पाहिलेली अडचण संशोधनाचा विषय होऊ शकते.

प्रोजेक्ट, शिफारसपत्र आणि गाइड

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बाजारातून तयार विकत घेणारी मुले आहेत. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते. साधा प्रोजेक्ट चालेल, पण सर्किट स्वतः जोडलेले असावे आणि ते पहिल्या खेपेला का चालले नाही हे सांगता यावे.

शिफारसपत्र मोठ्या हुद्द्याच्या माणसाकडून घेण्याची धडपड नको. ज्या सरांनी किंवा मॅडमनी तुम्हाला प्रयोगशाळेत काम करताना पाहिले आहे, त्यांच्या पत्राला वजन असते. त्यांना निदान तीन आठवडे आधी सांगा.

पीएच.डी.चा विचार असेल तर संस्थेच्या नावाइतकेच महत्त्व मार्गदर्शकाला आहे. पाच-सहा वर्षे त्यांच्या हाताखाली काढायची असतात. त्यांचे एक-दोन शोधनिबंध वाचा. त्यांच्याकडे सध्या शिकणाऱ्यांना विचारा: याआधीच्या मुलांना किती वर्षे लागली? काम अडले तर सर वेळ देतात का? आपण स्थळ पाहताना जेवढी चौकशी करतो, तेवढी तरी येथे करावी.

परदेशाचे काय?

अमेरिकेत इलेक्ट्रिकलचे एम.एस. बहुतेक जण स्वतःच्या खर्चाने करतात. पीएच.डी.ला मात्र बऱ्याच विद्यापीठांत फी माफ होते आणि वर विद्यावेतन मिळते. बी.ई.नंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, हे पुष्कळांना माहीत नसते. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता फी सुरू केली आहे. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम बंद खात्यात दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे. हे पैसे आपलेच असतात आणि तिथे गेल्यावर दरमहा हप्त्याने मिळतात, पण आधी उभे करावे लागतात.

मुलींच्या पालकांना

बी.ई. झालेल्या मुलीला एम.टेक. करायचे असेल तर 'स्थळ आले की बघू' असे म्हणून तिला टांगून ठेवू नका. गेटचे गुण तीन वर्षांनी संपतात. स्थळ आले तर बोलणी करतानाच अभ्यासक्रम किती वर्षांचा आहे, वसतिगृहात राहावे लागेल का, हे समोरच्यांना स्पष्ट सांगा. निकाहनंतर तो विषय काढला तर माघार बहुतेक वेळा मुलीलाच घ्यावी लागते.

शेवटी एक विनंती. केवळ नोकरी लागली नाही म्हणून एम.टेक.ला जायचे असेल, तर घाई करू नका. वर्षभर काम करा, हाताला सवय होऊ द्या, मग ठरवा. पण ज्याला खरोखर शिकायचे आहे, त्याला पैशाच्या ऐकीव भीतीने थांबवू नका. या आठवड्यात घरी बसून एका कागदावर तीन गोष्टी लिहा: विषय कोणता, परीक्षा कधी आणि खर्च कोण देणार. पहिली ओळ मुलाने किंवा मुलीने लिहावी, तिसरी अब्बांनी. मधली दोघांनी मिळून.