शेतकऱ्यांचा र

छापखान्यात संगणक आला तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती, वेगाची. खिळे जुळवून जे पान लावायला अख्खी पाळी जायची, ते आता बघता बघता तयार होऊ लागलं. त्या घाईत कंपोझिटर नावाच्या माणसाला नेमकं काय काय येतं, हे विचारायला कुणी थांबलं नाही. मला अजूनही तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण तीच वेळ आज आपल्यापैकी अनेकांवर आली आहे.

जोडाक्षरं, काना-मात्रा, वेलांट्या, उकार धरले की देवनागरीचे शेकडो खिळे होतात. कंपोझिटर न बघता खिळ्यांच्या पेटीतल्या नेमक्या घरात हात घालायचा, स्टिकमध्ये उलटी अक्षरं लावत जायचा आणि ती उलटी ओळ सहज वाचूनही दाखवायचा. छपाई आटोपली की प्रत्येक खिळा पुन्हा त्याच्या घरात. वर्षानुवर्षं हे केलेल्या माणसाच्या हाताला जशी सवय लागते तशी डोळ्यालाही लागते. हाताची सवय डीटीपीच्या काळात निरुपयोगी झाली. डोळ्याची झाली नाही.

मी उमेदवारी केली त्या छापखान्यात नाना नावाचे ज्येष्ठ कंपोझिटर होते. नवी ऑपरेटर मुलगी भराभर टाइप करायची. एकदा खताच्या जाहिरातीचं प्रूफ निघालं आणि नानांनी त्यातल्या ‘शेतकर्यांना’ या शब्दावर बोट ठेवलं. “पोरी, हा रफार इथला नाही. ‘कार्य’ म्हण बरं. ‘का’वर जोर येतो ना? आता ‘शेतकऱ्यांना’ म्हण. ‘क’वर येतो का?” तिने दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून पाहिले. मग दोघांनी मिळून कळफलकावर ‘ऱ्या’मधला तो ‘र’ शोधायला घेतला. फाँटमध्ये तो होता, पण अशा कोपऱ्यातल्या कळांवर, की नुसत्या वेगाने काम करणाऱ्याला तो कधी सापडला नसता. त्या दिवसापासून ती नानांना कळफलक शिकवू लागली आणि नाना तिला अक्षर. पुढे नाना स्वतः पानं लावायला लागले. वेग तिच्याइतका कधीच आला नाही, पण त्यांच्या पानावरची चूक शोधावी लागायची.

बदलाला मोकळ्या मनाने सामोरं जाणं म्हणजे मला हे वाटतं. येईल त्याला मान डोलावणं म्हणजे मोकळेपणा नव्हे. आपल्या कामातलं हत्यार कोणतं आणि विद्या कोणती हे ओळखायचं, हत्यार सोडून द्यायचं आणि विद्या घेऊन नव्या हत्यारापाशी जाऊन बसायचं.

मराठी मुद्रणाचा इतिहास अशाच माणसांनी घडवला आहे. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापलं आणि तेवढ्यावर न थांबता पुढे खिळेही पाडले. शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसं छापील पोथीला शिवत नसत, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली, असं सांगतात. नव्या यंत्राबद्दल त्यांचं मन मोकळं होतंच. समोरच्याच्या आक्षेपाबद्दलही तेवढंच मोकळं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू करणारे जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायच्या कामाला होते. आणि र. कृ. जोशी तर बोरू हातात धरणारे सुलेखनकार. विंडोजवर मराठी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं असलेला ‘मंगल’ हा फाँट त्यांचा. बोरूने अक्षराचं वळण समजलेलं होतं, म्हणूनच त्यांना संगणक परका वाटला नसावा.

पण ‘बदला, नाहीतर संपाल’ असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांचा मला राग येतो. नानांना शिकवायला कुणीतरी होतं, आणि पगारी वेळेत शिकू देणारा मालक होता. दुसऱ्या एका छापखान्यात कंपोझिटरांना शिकायची एकही संधी न देता महिनाअखेरीला हिशेब करून घरी पाठवलं. खिळे भंगारात गेले, शिसं किलोच्या भावाने. ती माणसं हटवादी नव्हती. त्यांना कुणी संगणकासमोर बसवलंच नाही. लवचीकपणा हा माणसाचा गुण आहेच, पण त्याला वेळ लागतो, पैसा लागतो आणि शेजारी बसून शिकवणारा लागतो.

डीटीपी अंगवळणी पडतं न पडतं तोच युनिकोड आला. आधी प्रत्येक कंपनीच्या फाँटचं संकेतन वेगळं. एका ठिकाणची फाइल दुसरीकडे उघडली की नुसती गिचमीड. युनिकोडने ती कटकट मिटवली, मात्र ‘शेतकऱ्यां’चा र तिथेही नडलाच. तो दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप करता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण आतले संकेत निराळे. त्यामुळे एका प्रकाराने लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकाराने शोधला तर बरेचदा सापडत नाही. ज्यांना हा र मुळात माहीत होता, त्यांच्याच हे लक्षात आलं.

आता वृत्तपत्राच्या टेबलावर यंत्राने केलेले अनुवाद येतात. मी ते वापरते, आणि नव्या सहकाऱ्यांनाही वापरायला सांगते. मजकूर वाचनीय असतो, पण मधूनच ‘कोल्हापूर मध्ये’ असा प्रत्यय तुटून पडलेला असतो, आणि प्रत्येक गोष्ट कशाच्या तरी ‘माध्यमातून’ झालेली असते. हे चटकन दिसणारे डोळे बहुतेक कचेऱ्यांत अजून आहेत. ते मुद्रितशोधकांचे आहेत, आणि खर्चाला कात्री लागली की पहिली गदा त्यांच्यावरच येते. त्यांना घरी पाठवण्याआधी नव्या यंत्राशेजारी खुर्ची द्या. रोजचा तासभर, कामाच्या वेळेतला. यंत्राच्या चुका त्यांनी टिपून ठेवाव्यात, तरुणांनी त्यांना यंत्राला नीट सूचना कशा द्यायच्या ते शिकवावं. आमच्या टेबलावर अशी एक वही सुरू झाली आहे. तिच्या पहिल्याच पानावर ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द आहे, त्याच्या दोन्ही संकेतांसह.