उरलेली लोकर

दिवसभराचे काम आटोपून घरी आल्यावर प्रत्येकास विश्रांती हवी असते. परंतु विश्रांती कशास म्हणावे याविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो, असे आम्हांस वाटते. अंग टाकून पडले की शरीर विसावते खरे. मन मात्र दिवसभराच्या कटकटींभोवती घिरट्या घालीतच राहते. मोबाईलच्या पडद्यावर बोट फिरवीत बसल्यानेही त्यास स्वस्थता लाभत नाही. मन निवावे असे वाटत असेल, तर हातांस एखादे हलके व ठरावीक चालीचे काम द्यावे.

हे आम्ही अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी आमच्या मातोश्री दीर्घ दुखण्याने अंथरुणास खिळल्या होत्या. रात्री त्यांच्या उशाशी जागत बसावे लागे. वाचनात चित्त लागत नसे. तेव्हा घरातील उरल्यासुरल्या लोकरीच्या गुंड्यांची पिशवी त्यांनीच मागविली, आणि सुलट व उलट हे दोन टाके आम्हांस पडल्यापडल्या शिकविले. प्रथम टाके गळत, वीण वाकडी होई. उसवावे व पुन्हा विणावे. पण टाके मोजता मोजता रात्र सरे. रंगीबेरंगी चौकोन जोडून त्या लोकरीचे एक पांघरूण झाले. मातोश्री आता नाहीत, पांघरूण आहे.

कित्येकांस वाटते की, सुई-दोरा हे केवळ मुलींचे काम. एका विद्यार्थ्याने स्वतः विणलेला गळपट्टा सोबत्यांच्या हसण्यास भिऊन दप्तरात दडविलेला आम्ही पाहिला, व आम्हांस वाईट वाटले. त्या हसणाऱ्यांनी मेजर ॲलेक्सिस कॅस्डाग्ली यांची हकीकत ऐकावी. हे ब्रिटिश सेनाधिकारी १९४१ साली क्रीट बेटावर जर्मनांचे बंदी झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी कॅनव्हासच्या तुकड्यावर फुलीच्या टाक्यांचा एक नमुना भरला. धागा कोठला? एका जीर्ण स्वेटरचा उसवलेला! त्या नमुन्याच्या काठातील ठिपके व रेघा ही मोर्सची लिपी होती, आणि तीत हिटलरास शिवी गुंफिलेली होती. जर्मनांस ती उमगली नाही. उलट त्यांनी तो नमुना कौतुकाने लोकांपुढे मांडला! लढवय्यास जे हलके वाटले नाही, ते आमच्या मुलांस का वाटावे?

कोणी म्हणतील, तयार स्वेटर स्वस्त मिळत असता हा खटाटोप कशाला? स्वेटरसाठी नव्हेच. मॅटीच्या कापडाचे धागे मोजून फुली घालताना, आणि प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेस ठेवताना, दृष्टी व मन एकाग्र होते. चूक झाली तर ती निमूटपणे उसवावी लागते. उसवलेली लोकर धुऊन, वळ्या काढून वाळविली म्हणजे पुन्हा कामी येते. ही सवय अभ्यासातही उपयोगी पडेल.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, या कामास गुण व बक्षिसे लावू नयेत; तसे केल्यास विसाव्याची पुन्हा परीक्षा होईल. घरातील उरलेली लोकर मात्र मुलांच्या व मुलींच्याही हाती द्यावी, आणि शक्य तर रोज अर्धा तास त्यांच्याजवळ बसून आपणही दोन ओळी विणाव्यात.